अंड्यांचा रकाना

सोमवार, ६ ऑक्टोबर

चि. आकडेबाईंना मामाचे आशीर्वाद.

पत्रास कारण की, आज सकाळी छत्तिसावं अंडं झालं. मुकादमिणीची टोपली माझ्या हवाली करून तू हवामान केंद्राच्या गाडीत बसलीस, तेव्हापासूनचे दिवसही छत्तीसच. म्हणजे एकही खाडा नाही. छापखान्यातल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे मला कधी जमलं नाही.

निघताना तुझी आई काय म्हणाली होती आठवतं ना? ‘ह्याला स्वतःची छत्री सांभाळता येत नाही, आणि तू ह्याच्याकडे जिवंत बदक सोपवतेस?’ तर माझ्या थोरल्या बहिणीला कळव : छत्री हरवली आहे, बदक जागेवर आहे.

खालच्या बाइंडरची चारही बदकं दिवस लहान व्हायला लागले तशी अंडी द्यायची थांबली. तो रोज अंगणात उभा राहून आधी त्यांच्याकडे बघतो आणि मग माझ्या खिडकीकडे. काल न राहवून म्हणाला, “मास्तर, तुम्ही हिला घालता तरी काय?” मी म्हटलं, “संस्कार.”

खरं तर मी काहीच करत नाही. शब्दकोशाची प्रुफं तपासायला पहाटे चारला टेबलावरचा दिवा लावतो आणि रात्री अकराला मालवतो. टोपली टेबलाखालीच असल्यामुळे तीही माझ्याबरोबर जागी असते. अधूनमधून मान वर काढून माझ्याकडे असं बघते, की दुपारच्या डुलकीचासुद्धा धाक वाटावा. नाव तू अचूक ठेवलंस.

हंसाच्या गणगोतातली म्हणून तिची नीरक्षीरविवेकाची परीक्षा घेतली. पाणी घातलेलं दूध पुढे ठेवलं. तिने नीर आणि क्षीर दोन्ही ‘क्ष’च्या प्रुफांवर सांडलं.

तुझा, सध्या एका बदकाच्या हाताखाली काम करणारा,
मामा

———

गुरुवार, १६ ऑक्टोबर

ती. मामास सा. न.

तुझं पत्र मी आमच्या साहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “हे बदक आहे की घड्याळ?” मला इतका अभिमान वाटला, की अंडी मीच दिल्यासारखी मी चहा केला.

इथे आम्ही दोघंच. दर तीन तासांनी तापमान, वारा, दाब, ढग बघायचे आणि वहीत लिहायचे. ह्या वहीत एक्केचाळीस वर्षांत एकही ओळ रिकामी नाही. साहेबांनी पहिल्याच दिवशी मला दोन नियम सांगितले. जे स्वतः पाहिलं नाही ते लिहायचं नाही. तिथे आडवी रेघ मारायची. आणि रेघ मारायची वेळ येऊ द्यायची नाही. फोन आहे, पण तो मुख्यालयाला आकडे कळवायला. घरचा निरोप फक्त जन्म किंवा मृत्यूचा. बाकी सगळं गुरुवारच्या गाडीने : पीठ, रॉकेल आणि तू.

आता काम ऐक. तुझ्याकडे पत्रं तोलायचा काटा आहे ना? त्यावर रोज अंड्याचं वजन कर आणि तारखेसमोर लिही. मी हिवाळाभर इथे बसून तुझ्या आकड्यांचा आलेख काढीन. आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची वाटी भरलेली असते ना? कवचाला चुना तिथूनच मिळतो.

मुकादमिणीच्या चोचीवर टिचकी मार. हळू.

तुझी भाची

———

सोमवार, २० ऑक्टोबर

आकडेबाई,

अर्धशतक! आज सकाळी साडेसहाला पन्नासावं. बाइंडरने खालून टाळ्या वाजवल्या. त्यात कौतुक किती आणि मत्सर किती, ते वेगळं काढायला तुझी उपकरणं लागतील.

तुझं पत्र शनिवारी पोचलं, त्यामुळे तक्ता तेव्हापासून. १८ तारीख, एकोणसत्तर ग्रॅम. १९ तारीख, वजन नाही; ते अंडं कवच न घालताच आलं, ओल्या लिफाफ्यासारखं मऊ, आणि काट्यावरून घरंगळलं. घाईत माणूसही टोपी विसरतो. आज सहासष्ट.

शिंपल्यांची वाटी काठोकाठ भरलेली आहे, काळजी नको. गेला महिनाभर ती प्रुफांवर वजन म्हणून ठेवली होती, कारण खिडकीतून वारा फार येतो. तुझं पत्र वाचून आजच खाली ठेवली. तिने वास घेतला आणि पाठ फिरवली. एवढ्या मोठ्या कामगिरीनंतर मीही जेवणाकडे पाठ फिरवीन.

परवा तुझ्या आईचं पत्र आलं. तिने पहिल्याच ओळीत बदकाची चौकशी केली आहे, माझी शेवटच्या. घराण्यात आता माझी किंमत अंड्यांवर ठरते.

मामा

———

मंगळवार, २८ ऑक्टोबर

चि. भाचीस आशीर्वाद.

सर्व कुशल. तक्ता : २४ तारीख, बहात्तर ग्रॅम. २५, बहात्तर. २६, बहात्तर. २७, बहात्तर. एकूण सत्तावन्न. मुकादमीण मजेत आहे. काम पुष्कळ असल्यामुळे पत्र आटोपतं घेतो. तू तुझ्या वहीकडे लक्ष दे.

मामा

———

गुरुवार, ३० ऑक्टोबर. गाडी खाली जायला चाळीस मिनिटं आहेत.

मामा,

चार दिवस सलग बहात्तर? आधीची एकोणसत्तर आणि सहासष्ट, मध्ये एक बिनकवचाचं, आणि मग एकदम शाळेच्या रांगेत उभी केल्यासारखी चार अंडी. मी रोज आठ वेळा आकडे लिहिते. खरे आकडे अडखळत येतात. हे तुझे आकडे टेबलाशी बसून केलेले आहेत.

दुसरा पुरावा : पत्रात एकही टोमणा नाही. बाइंडर नाही, आई नाही, शब्दकोश नाही. मागे दात काढलास तेव्हासुद्धा तू मला सव्वा पान चेष्टा लिहिली होतीस.

ती जिवंत आहे का? एवढंच सांग.

आणि सगळ्यात आधी : टेबलावरचा दिवा बंद कर. आत्ता, हे पत्र हातात असताना. बदकाचं शरीर उजेडाचे तास मोजतं. दिवस लहान झाले की अंडी थांबतात आणि तेवढ्या काळात हाडं पुन्हा भरून येतात. बाइंडरची बदकं थांबली ती बरोबर थांबली. आपल्या मुकादमिणीला मात्र तुझ्या दिव्याखाली एकोणीस तासांचा भर उन्हाळा चालला होता. कवचाला चुना मिळेनासा झाला की अंडं पोटातच अडकतं.

हे तुझ्या पहिल्याच पत्रात होतं, चार आणि अकरा, स्वच्छ अक्षरात. मी ते वाचलं, हसले आणि चहा केला. वर तुला वजनं करायला लावली. तेव्हा एकट्याने दोष घेऊन बसू नकोस.

पुढच्या गुरुवारची गाडी यंदाची शेवटची. मग रस्ता बर्फाखाली, थेट एप्रिलपर्यंत. त्या गाडीतून तुझं खरं पत्र आलं नाही, तर मी तिच्यात बसून खाली येते. पिशवी भरलेली आहे. साहेबांना एकट्याला आठही वेळा साधणार नाहीत. वहीत रेघा पडतील. पडू देत.

भाची

———

सोमवार, ३ नोव्हेंबर

आकडेबाई,

जिवंत आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

दिवा बंद आहे. तुझं पत्र यायच्या आधीपासूनच. कारण पुढे येईल. मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवत आलो. स्वतः एक चूक केली, ती लपवायला चार आकडे जुळवले आणि सातशे मैलांवरून माझ्या भाचीने ते लाल केले. अपमान मोठाच. पण शप्पथ सांगतो, ते पत्र वाचताना माझी मान ताठ झाली होती. हिला बोट धरून पाढे मीच शिकवले.

आता क्रमाने. २४ तारखेला टोपली रिकामी होती. मला वाटलं, रजा घेतली असेल. २५ला सकाळी ती टेबलाखालून बाहेरच येईना. मग आली ती सरळ उभी, मान आभाळाकडे, एखाद्या वक्त्यासारखी. शेपूट खालीवर, खालीवर. दोन पावलं टाकून बसली आणि पुन्हा उठली. ओरडलीसुद्धा नाही. ही आपली मुकादमीण, जी ताटली पडली तरी गल्ली गोळा करते.

बाइंडरने तिला हातात घेतलं, पोटाखाली बोटं लावली आणि त्याचा चेहरा उतरला. “मास्तर, अंडं अडकलंय. हे अंगणात सुटायचं नाही.”

दोन चौक ओलांडून गुरांची डॉक्टरीण आहे. टोपली छातीशी धरून पळालो. वाटेत एक चप्पल तुटली, ती तिथेच सोडली. बाई एका घोड्याचा खूर तपासत होत्या. टोपलीत डोकावून म्हणाल्या, “बदकं मी आजवर तळ्यातच पाहिलीत. तुमचं आहे?”

“माझ्या भाचीचं.”

“नातं मागून लावू. आधी बाह्या वर करा.”

कोमट पाण्याच्या टबात तिला अर्धा तास धरून बसायचं होतं, पोट बुडेल एवढं. बाईंनी चुन्याचं इंजेक्शन दिलं, तेल लावलं, पुन्हा पाण्यात. माझ्या तळहातावर तिचं काळीज इतक्या वेगाने उडत होतं, की मला मोजता येईना. तुला आठवत असेल, तुझ्या गुडघ्याला टाके पडले तेव्हा तू आत बसून गोष्टीचं पुस्तक वाचत होतीस आणि बाहेर बाकावर माझ्या तोंडावर पाणी मारत होते. तोच मी.

बाई म्हणाल्या, “तोंडातल्या तोंडात काय पुटपुटताय?”

“धातू चालवतोय. संस्कृतातले. घाबरलो की चालवतो.”

“चालवा. हात मात्र हलता कामा नये.”

वर्तमानकाळ संपला, भूतकाळ लागला, आणि कुठेतरी द्विवचनात अंडं आलं. खरखरीत, पातळ, एका बाजूने चेपलेलं. चौपन्नावं. मी त्याचं वजन केलेलं नाही. ते मला पुरतं ठाऊक आहे.

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. कारण अंड्यापाठोपाठ आतला मार्गच थोडा बाहेर आला होता, लाल, ओला, बोरापेक्षा मोठा. बाई शांतपणे म्हणाल्या, “आता तुम्ही पडलात तर मी तुम्हाला उचलणार नाही, हिला उचलीन.” म्हणून मी पडलो नाही. साखरेच्या दाट पाण्याने सूज उतरवायची, मग तो भाग सावकाश आत सारायचा. त्यांनी सारला आणि दोन टाके घातले. तिचे पाय धरून मी भविष्यकाळावर आलो होतो.

त्यांनीच मग दिव्याचं विचारलं. मी मोठ्या डौलात चार आणि अकरा सांगितलं. बाईंनी हात पुसले. मग म्हणाल्या, “दिवसाचे सोळा तास अंधार. आणखी एक अंडं आलं, तर हे टाके काही टिकायचे नाहीत.”

तेव्हापासून खिडकीला घोंगडी आहे. दुपारी तीनला आपल्या खोलीत सूर्यास्त होतो आणि सकाळी सातला उजाडतं. शब्दकोश मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून तपासतो. येणारा-जाणारा ‘ज्ञ’वर पाय देऊन जातो. तासातासाने आत जायचं, हातमोजे घालायचे, धुवायचं, बघायचं. २९ला टाक्याच्या कडेने तो पुन्हा डोकावला. बाई गावाला गेल्या होत्या. बाइंडरला हाक मारली. तो दारातच भिंत धरून उभा राहिला. पुस्तकं शिवणारा माणूस, पण जिवंत अंगातले टाके निराळे, म्हणाला. मग मीच साखरेचं पाणी केलं आणि मीच तो आत सारला. अगं, ह्या बोटांनी! काम झाल्यावर तिने मान वळवून मला जोरात चावा घेतला. इतका आनंद मला पदवी घेतानाही झाला नव्हता.

टाके शनिवारी, ८ तारखेला काढायचे. मार्ग आत राहिला तर ती वाचली. बाहेर आला तर बाई म्हणतात, दुसऱ्यांदा तिला त्रास देण्यात अर्थ नाही. हेही लपवत नाही.

आणि लपवलं ते का? तू पिशवी भरशील म्हणून. भरलीसच. ऐक, आकडेबाई. तू खाली आलीस तर तिला आणखी दोन हात मिळतील, पण हात आता माझेही आहेत. वर मात्र तुझ्या जागी बसणारं कुणी नाही. एक्केचाळीस वर्षांच्या वहीला माझ्या दिव्यापायी भोक पडलं, तर ते मी कुठल्या शुद्धिपत्रात घालू?

खरा तक्ता सोबत :

२१ तारीख, अडुसष्ट. २२, एकाहत्तर. २३, चौसष्ट. २४, —. २५, —. २६, —. २७, —.

मामा

———

गुरुवार, ६ नोव्हेंबर. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

ती. मामा,

पिशवी गाडीत ठेवून झाली होती. मी पायरीवर बसून तुझं पत्र वाचलं. ‘हात आता माझेही आहेत’ इथे आले, उठले आणि पिशवी उतरवून घेतली. ड्रायव्हर म्हणाला, “बाई, नक्की? एप्रिलपर्यंत मी नाही.” मी म्हटलं, “खाली माझा मामा आहे.” त्याला वाटलं, तू कुणी मोठा सर्जन आहेस. मी दुरुस्ती केली नाही.

साहेबांना फोनचा नियम विचारला. मृत्यूचा निरोप चालतो, पण बदकाचा चालेल का? त्यांनी नियमावली काढून चष्मा लावून वाचली. “घरातली व्यक्ती, असं लिहिलंय. दोन पायांवर चालते ना? मग झालं.” मुख्यालयाचा नंबर पत्रामागे लिहिला आहे. ती गेली तर फोन कर, कधीही. फोन आला नाही तर ती आहे असं मी समजेन. हिवाळाभर मला तेवढी एकच नोंद पुरेल.

तुझा खोटा तक्ता मी फाडला. खरा, चार रेघांचा, माझ्या टेबलासमोर लावलाय. साहेबांनी बघितला आणि म्हणाले, “ह्या माणसाला नोंद कळते.” एक्केचाळीस वर्षांच्या वहीचा माणूस बोलतोय हे, मामा.

भाची

———

सोमवार, १३ एप्रिल. पहिल्या गाडीने.

चि. आकडेबाईंना मामाचे, आणि टेबलाखालून आलेले, आशीर्वाद.

फोन आला नाही, म्हणजे तुला कळलंच आहे. तरी लिहितो, कारण लिहिण्यासाठी मी पाच महिने थांबलो आहे.

८ नोव्हेंबरला टाके काढले. बाई हात धुऊन माझ्याशेजारी बाकावर बसल्या, आणि आम्ही दोघं एका बदकाच्या शेपटाखाली तासभर टक लावून बघत राहिलो. बाहेर काही आलं नाही. बाई म्हणाल्या, “धातू थांबवा आता.” मी म्हटलं, “एवढा विधिलिङ् होऊ द्या.”

मुख्यालयाचा नंबर मी भिंतीवर लिहिला होता. जानेवारीत दोन दिवस तिने दाण्याला तोंड लावलं नाही, तेव्हा बाइंडरच्या दुकानात जाऊन रिसीव्हर उचललासुद्धा. तेवढ्यात वरून आवाज आला. मुकादमीणबाईंना पाणी बदलून हवं होतं. तुझ्या साहेबांची झोप अशी थोडक्यात वाचली.

आता ती अंगणात बाइंडरच्या बदकांवर देखरेख करते. शिंपल्याचा चुरा वाटी पुसून खाते. प्रुफांवर आता मी दगड ठेवतो. दिवस मोठे व्हायला लागले आहेत, म्हणून घोंगडी अजून काढलेली नाही. तिचा सूर्यास्त माझ्याच हातात आहे. शब्दकोश जिन्यातच पुरा झाला. संपादक म्हणतात, इतकी निर्दोष प्रुफं माझ्याकडून पूर्वी कधी आली नव्हती. मी कारण सांगितलं नाही. तुझी आई येऊन गेली. मुकादमिणीला उलटसुलट करून तपासलं, मला नवी छत्री दिली आणि जाताना म्हणाली, “दोघंही बरी दिसता.” पन्नास वर्षांत तिने माझ्यावर खर्च केलेले हे सर्वांत मोठे शब्द.

पेपरात छोटीशी बातमी होती, की हिवाळ्यातल्या वादळातही डोंगरावरच्या केंद्राची बेचाळीस वर्षांची नोंद अखंड राहिली. बाइंडरने ती कापून दुकानात चिकटवली आहे. गिऱ्हाईक आलं की विचारतो, “ही कुणाची भाची, ठाऊक आहे का?” मी वर खिडकीत कामात असल्यासारखा दिसतो.

वही सोबत पाठवतो. २६ ऑक्टोबरपासून आजपर्यंत एकशे सत्तर दिवस. रोज सकाळी सातला घोंगडी वर करून, टोपलीत हात घालून, स्वतः पाहून केलेली नोंद. साहेबांना अवश्य दाखव. तारखांचा रकाना पूर्ण आहे. अंड्यांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा आहेत, आणि त्यातली एकही मी टेबलाशी बसून मारलेली नाही.

मामा